तीन आठवड्यांची शाळा

युद्ध संपले म्हणजे लढाईचा माल उरतो. दुसरे महायुद्ध १९४५ साली थांबले तेव्हा अमेरिकेचे ट्रक, जीपगाड्या, तंबू, दवाखान्यांचे सामान, यंत्रे आणि भंगार अर्ध्या जगात विखुरलेले होते. ते घरी परत न्यायचे तर भाडे मालापेक्षा जड, आणि तिथल्या तिथे विकायचे तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नाहीत. आर्कान्सा राज्याचे सेनेटर विल्यम फुलब्राइट यांनी यावर तोड काढली. माल तिथेच विकावा, पैसे त्या त्या देशाच्या नाण्यात घ्यावेत आणि त्या पैशातून माणसांची देवघेव करावी. इकडचा विद्यार्थी तिकडे जाईल, तिकडचा इकडे येईल. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्या कायद्यावर सही केली. फुलब्राइट शिष्यवृत्तीचा उगम हा असा भंगाराच्या ढिगात आहे. आपल्या देशाशी अमेरिकेने तसा करार १९५० साली केला आणि जपानमध्ये ही योजना १९५२ साली सुरू झाली, म्हणजे अमेरिकन लष्कराचा ताबा ज्या वर्षी उठला त्याच वर्षी.

पुढची चाळीसेक वर्षे ही ये-जा बहुतांशी विद्यापीठांतल्या मंडळींची होती. संशोधक जात, प्राध्यापक जात, पदवीधर जात. पहिलीच्या वर्गाला बेरीज शिकवणाऱ्या मास्तरांना आणि बाईंना कोण विचारतो? त्यांची आठवण व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. फुलब्राइट कायद्याला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने जपान सरकारने एक निधी जाहीर केला आणि १९९७ पासून अमेरिकेतल्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांना तीन आठवड्यांसाठी जपानला बोलावण्यास सुरुवात केली. सगळा खर्च यजमानांचा. आधी टोकियोत काही दिवस व्याख्याने, मग वीस-वीस जणांच्या तुकड्या करून लहानमोठ्या गावांत रवानगी, तिथे शाळांच्या भेटी आणि एखाद्या कुटुंबात मुक्काम. दहा-बारा वर्षांत सहा हजारांवर अमेरिकन शिक्षक या वाटेने जपानच्या शाळा पाहून आले. शाळा पाहण्यासाठी शिक्षकांची इतकी मोठी दिंडी क्वचितच कोणी काढली असेल.

कामगार संघटनेचा माणूस या विषयात कशाला शिरतो, असे कोणी विचारील. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. शिक्षणशास्त्र हा माझा प्रांत नाही. परंतु एका कामाच्या जागेवरची माणसे दुसऱ्या कामाच्या जागेला भेट देतात तेव्हा काय दिसते आणि काय दिसत नाही, या प्रश्नात माझी तीस वर्षे गेली आहेत. दुसऱ्याचा कारखाना पाहायला गेलेल्या पाहुण्याला चालू मशीन दिसते, मशीनवरच्या माणसाचा पगारपत्रक दिसत नाही. शाळा हीही कामाची जागाच आहे. पाहुण्या शिक्षकाला मुलांचा दिवस दाखवला जातो. आपल्याच व्यवसायबंधूचा दिवस मात्र तो न पाहताच परततो. आणि मुलांचा दिवस ज्याच्यावर उभा असतो तो तर हाच दुसरा दिवस.

आधी मुलांचा दिवस पाहू, कारण तो खरोखर पाहण्यासारखा आहे.

जपानची प्राथमिक शाळा सहा वर्षांची, वयाच्या सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. सहा वर्षांची मुले पाठीवर टणक चामडी दप्तर घेऊन, पुष्कळ गावांत टोळी करून, आईबापांशिवाय चालत शाळेत येतात. दाराशी फळ्यांचे कपाट असते. बाहेरचे जोडे तिथे ठेवायचे आणि शाळेतले मऊ जोडे घालायचे. वर्गात रोज पाळीने एकदोन मुले त्या दिवसाची कारभारी असतात. तास सुरू करताना उठा, नमस्कार करा, बसा हे तीच सांगतात. पाळी हुशार मुलाला येते तशीच शेवटच्या बाकावरच्यालाही येते. वर्ग काही लहान नसत. १९८० पासून कायद्याची मर्यादा चाळीस मुलांची होती; ती सगळ्या प्राथमिक वर्गांसाठी पस्तीसवर आणण्याचा कायदा २०२१ साली झाला. अमेरिकेहून गेलेल्या शिक्षकाने इतकी मुले पाहिली की त्याला पहिला धक्का तिथेच बसावा.

मग दुपारचे जेवण. याला तिकडे क्यूशोकु म्हणतात आणि त्याचा इतिहास पोटाला हात घालणारा आहे. १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी देवळाच्या आवारातल्या एका शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, भाजलेला खारा मासा आणि लोणचे द्यायला सुरुवात झाली. युद्धानंतर देशात उपासमार होती. तेव्हा १९४६ च्या डिसेंबरात टोकियोतल्या शाळांत अमेरिकेहून आलेल्या मदतीच्या मालावर जेवण पुन्हा सुरू झाले. त्यात दुधाची भुकटी होती. ते दूध ज्यांनी प्यायले ती पिढी त्याचा वास अजून विसरलेली नाही. १९५४ साली शालेय जेवणाचा कायदा झाला. त्यात खर्चाची वाटणी स्पष्ट केली. धान्य-भाजीचा खर्च पालकांचा आणि स्वयंपाकघर, भांडी व स्वयंपाक करणाऱ्यांचे पगार नगरपालिकेचे. तेव्हा १९९७ साली जे अमेरिकन शिक्षक जपानी मुलांच्या शेजारी बसून जेवले ते एका जुन्या उसन्याची परतफेड खात होते असे म्हटले तर चालेल.

जेवणाची वेळ झाली की पाळीची मुले पांढरे एप्रन आणि टोप्या घालतात, स्वयंपाकघरातून पातेली उचलून आणतात आणि वाढतात. सगळ्यांचे वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही. मुख्याध्यापकांनी ते जेवण मुलांच्या आधी चाखायचे असा दंडक आहे. अन्नात काही बिघाड असेल तर आधी त्यांच्या पोटात जावा. आपल्याकडच्या एखाद्या साहेबाला हा नियम लावून पाहावासा वाटतो! वर्गशिक्षक वर्गातच, मुलांमध्ये बसून, तेच अन्न खातात. शेवटी भांडी परत जातात आणि पुष्कळ शाळांत दुधाची कागदी खोकी मुलेच उलगडून, धुऊन, वाळत घालतात.

त्यानंतर सफाई. शाळेच्या ध्वनिक्षेपकावर गाणे लागते आणि पंधरा-वीस मिनिटे सगळी शाळा कामाला लागते. बाके एका बाजूला सरकवली जातात. मुले ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, कंबर वर करून, लांबलचक जिन्या-व्हरांड्यांतून धावत फरशी पुसतात. मोठ्या वर्गातली मुले धाकट्यांना फडके पिळायला शिकवतात. शिक्षकाच्या हातीही झाडू असतो. परदेशी पाहुण्यांच्या मनात घर करून बसते ते हेच दृश्य. पुष्कळजण सांगतात की जपानी शाळेत सफाई कामगार नसतोच. ते खरे नाही. दुरुस्ती, बाग, अवजड कामे यासाठी नगरपालिकेचा माणूस बहुतेक शाळांत असतो, त्याला योमुइन म्हणतात. मुलांनी फडके हाती घेतले म्हणून त्याची भाकरी काढून घ्यावी असा तिथे हेतू नाही.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. कारण २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडणारे न्यूट गिंग्रिच यांनी जवळजवळ हेच दृश्य उलटे करून मांडले. त्यांचे म्हणणे असे की, गरीब वस्तीतल्या शाळांनी संघटनेत असलेल्या सफाई कामगारांना काढून टाकावे, एक मुख्य माणूस ठेवावा आणि बाकीचे काम त्याच शाळेतल्या गरीब मुलांकडून थोड्या पैशांत करून घ्यावे. बालमजुरीचे कायदे त्यांना मूर्खपणाचे वाटत होते. आता पाहा. दोन्हीकडे मूलच फरशी पुसते आहे. परंतु टोकियोत डॉक्टरचे मूल आणि ट्रकचालकाचे मूल एकाच फडक्याची दोन टोके पिळते, आणि गिंग्रिच यांच्या योजनेत कोणाचे मूल पुसणार आणि कोणाचे पाहणार हे आधीच ठरलेले होते. शिवाय पुसणाऱ्याच्या बापाची नोकरीही त्यात जाणार होती.

आपल्या देशात तर या फडक्याला आणखी एक डाग आहे. वर्ग झाडायला कोणाला उभे करायचे, संडास कोणाकडून धुवून घ्यायचा, हे मुलाचे आडनाव ऐकून ठरवणाऱ्या शाळांच्या बातम्या आपण आजही वाचतो. म्हणून जपानच्या सफाईचे कौतुक ऐकून कोणी उद्यापासून मुलांच्या हाती झाडू देऊ म्हणाला, तर मी त्याला आधी साताऱ्याला जायला सांगेन. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली तिथे वसतिगृह काढले त्यात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि सगळी कामे सगळीच करीत. काम विभागले गेले ते पाळीने, जातीने नव्हे. जपान पाहण्याआधीच ही गोष्ट आपल्याला ठाऊक होती. आपण ती वसतिगृहाच्या भिंतीबाहेर फारशी येऊ दिली नाही इतकेच.

परदेशची रीत उचलताना तिच्यामागचा करार मागे कसा राहतो याचा एक अनुभव माझ्याही गाठीशी आहे. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याचे साहेबलोक जपान पाहून आले. आल्यावर भिंतीवर पाटी लागली: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे निवड, मांडणी, सफाई, नीटनेटकेपणा आणि शिस्त. पाच शब्दांना विरोध कोण करील? पण आठवड्याभरात फर्मान निघाले की पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे येऊन प्रत्येकाने आपली जागा झाडायची. त्या पंधरा मिनिटांचा पैसा नाही. महिन्याभरात ठेकेदाराकडचे सहा सफाई कामगार कमी झाले. माणशी पंधरा मिनिटे, चारशे माणसे, म्हणजे रोजचे शंभर तास फुकट. हा हिशेब मी फळ्यावर खडूने मांडला तेव्हा कुठे सभेत गर्दी झाली. चार महिने बोलणी चालली. शेवटी दोन अटींवर मिटले. झाडू कामाच्या वेळेत, आणि झाडू साहेबाच्याही हातात. दुसरी अट मान्य करायला त्यांना पहिलीपेक्षा जास्त दिवस लागले.

तेव्हा जपानी शाळेबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा. हे सगळे कोणाच्या वेळेत चालते?

पाहुण्या शिक्षकांची बस दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास परत जाते. मुलेही घरी जातात. त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत दिवे लागतात. ही खोली आपल्या स्टाफरूमसारखी चहा पिण्याची जागा नव्हे. प्रत्येक शिक्षकाचे मेज तिथे असते, मेजाला मेज लागलेले असते आणि समोर कागदांच्या चळती असतात. वह्या तपासणे, उद्याचा पाठ, पालकांना फोन, सहलीचा बेत, शिक्षण मंडळाला पाठवायचे तक्ते. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ साली पाहणी केली तेव्हा प्राथमिक शिक्षकाचा आठवडा सरासरी ५७ तास २५ मिनिटांचा निघाला. नियमाने तो ३८ तास ४५ मिनिटांचा असायला हवा. म्हणजे दर आठवड्याला १८ तास ४० मिनिटे वरची. तिघांतला एक शिक्षक आठवड्याला साठ तासांहून अधिक राबत होता. २०२२ च्या पाहणीत सरासरी ५२ तास ४७ मिनिटांपर्यंत उतरली, तरी ती नियमाच्या चौदा तास वरच होती. मघाशी ज्या जेवणाचे आपण कौतुक केले तेही या हिशेबात धरा. मुलांमध्ये बसून जेवणारा शिक्षक विश्रांती घेत नसतो. कोण काय टाकतो, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाच्या ताटात कमी पडले, हे पाहत तो घास गिळत असतो. कागदावरची सुट्टी कागदावरच राहते.

या वरच्या तासांचे पैसे किती? इथे जपानचा एक कायदा समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्याइतका चतुर कायदा मी थोडा पाहिला आहे. १९७१ साली सरकारी शाळांच्या शिक्षकांच्या पगाराबद्दल एक विशेष कायदा झाला. त्याने ठरवले की शिक्षकाला ओव्हरटाइम मिळणार नाही. त्याऐवजी मूळ पगाराच्या ४ टक्के रक्कम सरसकट दिली जाईल. हे चार टक्के आले कुठून? १९६६ साली केलेल्या मोजणीत शिक्षकाचे जादा काम महिन्याला आठ तासांच्या आसपास निघाले होते, त्यावरून. पुढे काम वाढत गेले, आठ तासांचे सत्तर तास झाले, टक्के मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ चारच राहिले. दुसरी गंमत अशी की मुख्याध्यापक जादा कामाचा हुकूम फक्त चार कारणांसाठी देऊ शकतात: मुलांचे प्रात्यक्षिक शिक्षण, शाळेचे कार्यक्रम, शिक्षकांच्या सभा आणि आणीबाणीचे प्रसंग. बाकीचे सगळे, म्हणजे वह्या, पाठाची तयारी, पालकांचे फोन, शिक्षक आपखुशीने करतो असे धरले जाते. हुकूम नाही म्हणून जादा काम नाही आणि जादा काम नाही म्हणून पैसा नाही. आमच्या गिरण्यांच्या जुन्या जॉबरांनाही ही युक्ती सुचली नसती.

सायतामा प्रांतातल्या एका प्राथमिक शिक्षकाने २०१८ साली या कायद्याला कोर्टात आव्हान दिले. अकरा महिन्यांच्या जादा कामाचे सुमारे चोवीस लाख येन त्याने मागितले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. मात्र निकालात न्यायाधीशांनी असेही नोंदवले की हा कायदा शाळांतल्या आजच्या वस्तुस्थितीला धरून राहिलेला नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातही त्याच्या पदरी काही पडले नाही. निवृत्तीला आलेला एकटा मास्तर हे भांडण घेऊन शेवटच्या पायरीपर्यंत गेला, हे मला त्या देशातल्या कुठल्याही गगनचुंबी इमारतीपेक्षा मोठे वाटते.

जपानी शिक्षकांची संघटना दुबळी होती असे नाही. निक्क्योसो ही त्यांची मोठी संघटना १९४७ साली स्थापन झाली. आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवणार नाही ही तिची घोषणा होती, कारण त्याच शिक्षकांनी युद्धकाळात मुलांना निरोप देऊन पाठवले होते. १९५२ साली तिने शिक्षकांची आचारसंहिता केली आणि तीत शिक्षक हा कामगार आहे असे स्पष्ट लिहिले. त्या एका वाक्यावरून केवढे वादळ उठले! गुरूने स्वतःला मजूर म्हणवून घ्यावे हे पुष्कळांना रुचले नाही. आपल्याकडेही ते रुचत नाही. मी शिक्षकांच्या सभेत हा शब्द काढला की पहिल्या रांगेत कुजबुज होते. १९५८ साली शंभरातले ८६ शिक्षक निक्क्योसोत होते. १९८९ साली ती फुटली आणि आज तिच्यात पाचांतला एकच शिक्षक उरला आहे. सरकारी नोकर म्हणून संपाचा हक्क तर त्यांना नव्हताच.

परिणाम व्हायचा तो झाला. २००० साली प्राथमिक शिक्षकाच्या एका जागेमागे १२.५ उमेदवार होते. २०२३ पर्यंत ते २.३ वर आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये शाळा उघडल्या तेव्हा देशभर २,५५८ शिक्षक कमी होते. स्वच्छ फरशी आणि हसरी मुले पाहून परतलेल्या पाहुण्याला या घसरणीची कल्पना कशी यावी?

तरीही जपानी शाळेतली एक चीज अशी आहे की ती पाहायला समुद्र ओलांडावा. तिला जुग्यो केंक्यू म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. एका शाळेतले चार-सहा शिक्षक बसून एकच पाठ ठरवतात. समजा, अपूर्णांकांची बेरीज. कुठला प्रश्न आधी विचारावा, मुले कुठे अडखळतील, फळ्यावर काय राहू द्यावे आणि काय पुसावे, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. मग त्यांतला एक जण खऱ्या वर्गात तो पाठ घेतो आणि बाकीचे भिंतीशी उभे राहून टिपणे करतात. त्यांची नजर मुलांच्या वह्यांवर असते. नंतर चर्चा होते, पाठ सुधारला जातो आणि पुन्हा घेतला जातो. इन्स्पेक्टरची तपासणी आणि ही रीत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण इथे शिक्षकाची परीक्षा नसते, पाठाची असते. आमच्या कारखान्यांत जुना फिटर आणि नवा फिटर एकाच जॉबवर वाकून बोलतात तसाच हा प्रकार.

१९९९ साली अमेरिकेत जपानी शिकवण्यावर एक पुस्तक गाजले आणि ही पद्धत उचलण्याची लाट आली. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावच्या दोन नंबरच्या शाळेने ती मनावर घेतली. पॅटरसन म्हणजे १९१३ च्या रेशीम गिरण्यांच्या संपाचे गाव. आठ तासांच्या दिवसासाठी तिथे महिनोन्‌महिने कामगार बाहेर होते. या शाळेतल्या शिक्षकांना जपानला जावेही लागले नाही. शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या ग्रीनिच इथे जपानी मुलांसाठी चालणारी शाळा होती, तिथले शिक्षक त्यांचे सोबती झाले. उत्साह होता, जाण होती. पण अशा सगळ्या शाळांना एकच भिंत आडवी येते, ती वेळापत्रकाची. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत माध्यमिकच्या खालच्या वर्गांचा अमेरिकन शिक्षक आठवड्याला २६.८ तास वर्गात उभा होता, जपानी शिक्षक १७.७ तास. एकत्र बसून पाठ रचायला अमेरिकन शिक्षकाकडे दिवसात फटच नाही. बदली शिक्षक आणा, तास हलवा, तेव्हा कुठे दोन तास मिळणार. आणि जपान्याकडे ती फट आहे ती कशी? त्याचा एकूण आठवडा त्याच पाहणीत ५३.९ तासांचा होता. म्हणजे एकाकडे वेळ नाही, दुसऱ्याकडे तो आहे पण घरच्या वेळेतून कापलेला.

घडी तेवढीच ठेवून वेळ काढता येतो का? येतो. २०१८ च्या पाहणीत त्याच वर्गांच्या जपानी शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा होता, तर फिनलंडच्या शिक्षकाचा ३३.३ तासांचा. फिनलंडची मुले काही कमी शिकत नाहीत. तिथला जवळजवळ प्रत्येक शिक्षक संघटनेत आहे. आपल्याकडून अलीकडे पाहुणे जातात ते सिंगापूरला आणि फिनलंडला. पंजाबचे मुख्याध्यापक २०२३ च्या फेब्रुवारीत सिंगापूरला गेले. दिल्लीच्या प्राथमिक शिक्षकांना फिनलंडला पाठवायचे की नाही यावर त्याच वर्षी नायब राज्यपाल आणि सरकार यांच्यात जुंपली. खर्च कोणाचा आणि अधिकार कोणाचा यावर रकानेच्या रकाने छापून आले. गेलेल्या शिक्षकाने तिथल्या शिक्षकाला काय विचारून यावे, यावर मला काही वाचायला मिळाले नाही.

मुक्कामाच्या लांबीचाही प्रश्न आहे. ‘तोत्तोचान’ हे पुस्तक मराठीत आले आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यातले मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी हे मुळात प्राथमिक शाळेतले संगीतशिक्षक. १९२३ साली ते युरोपला गेले, शाळा पाहिल्या, पॅरिसमध्ये डालक्रोझ यांच्याकडे ताल आणि शरीराची हालचाल यांचे शिक्षण घेतले. तो मुक्काम तीन आठवड्यांचा नव्हता. परतल्यावर इतर शाळांत काम करून मग १९३७ साली त्यांनी टोकियोत आगगाडीच्या जुन्या डब्यांत तोमोए शाळा काढली. पाहण्यापासून स्वतःची शाळा निघेपर्यंत चौदा वर्षे गेली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. बॉम्ब टाकणाऱ्यांच्याच देशातून पुढे सहा हजार शिक्षक पाहुणे म्हणून आले. फुलब्राइट यांच्या मनात होते ते बहुधा हेच, आणि त्या माणसाला माझा नमस्कार आहे.

फक्त तीन आठवड्यांतली एक संध्याकाळ मला वेगळी हवी होती. बसने पाहुण्यांना साडेतीनला न नेता रात्री आठपर्यंत शिक्षकांच्या खोलीत बसू द्यावे. स्वयंपाकघरातल्या बायांशी बोलू द्यावे, कारण १९८५ साली मंत्रालयाने काटकसरीचे पत्रक काढल्यापासून त्यांतल्या पुष्कळजणींची कायम नोकरी जाऊन अर्धवेळ किंवा ठेक्याची झाली आहे. आपल्या खिचडी शिजवणाऱ्या ताईंचे मानधन केंद्राने २००९ साली महिना हजार रुपये ठरवले, तेही वर्षातल्या दहा महिन्यांचेच; त्यांची आणि या बायांची गाठ पडली तर दुभाष्याची फारशी गरज लागणार नाही. शिक्षकाने शिक्षकाला विचारावे की तू घरी किती वाजता जातोस, आजारी पडलास तर वर्ग कोण घेतो, तक्रार कोणाकडे नेतोस. ही काही उद्धट चौकशी नाही. दोन सुतार भेटले तर रंधा कुठला वापरतोस याच्या आधी रोजी काय मिळते हे विचारतात.

जपानमध्ये आता थोडी हालचाल झाली आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या संसदेने १९७१ चा तो कायदा दुरुस्त केला. चार टक्क्यांची रक्कम २०२६ पासून दरवर्षी एकेक टक्क्याने वाढवत २०३१ च्या जानेवारीत दहा टक्क्यांवर न्यायची असे ठरले आहे. जादा तासांचा तासागणिक मोबदला मात्र त्या दुरुस्तीतही नाही.